रानातली झाडं लपवून वाढवणारा जॉर्ज कार्व्हर

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्याकडे बऱ्याच शाळांच्या कपाटात सापडतं. ज्यांनी वाचलंय त्यांना भुईमूग आठवतो. पण भुईमुगाच्या कितीतरी आधी या माणसाला वेड लागलं ते रानात आपोआप उगवणाऱ्या झाडांचं. आज ती गोष्ट.

जन्म १८६४ च्या आसपासचा. नक्की तारीख त्याची त्यालाच ठाऊक नव्हती. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळ, मोझेस आणि सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याकडे त्याची आई मेरी गुलाम होती. जॉर्ज तान्हा असताना रात्री टोळी आली आणि मायलेकरांना पळवून घेऊन गेली. मोझेसनं मागावर माणूस धाडला. पोर परत मिळालं, बदल्यात शर्यतीचा घोडा द्यावा लागला. आई कधीच सापडली नाही.

पोर किरकोळ, सारखं आजारी. शेतातलं काम झेपेना म्हणून सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणं, शिवण. ते उरकलं की रानात. तिथली रोपं मुळासकट आणायची आणि झुडपांच्या आडोशाला कुणाला दिसणार नाहीत अशी लावायची. लपवायची कशाला? तर फुलझाडांपायी वेळ घालवणं म्हणजे तिकडे रिकामे उद्योग समजायचे. पण हळूहळू शेजारपाजारच्या बाया सुकत चाललेली झाडं त्याच्याकडेच आणायला लागल्या. झाडांचा डॉक्टर म्हणून नाव पडलं.

काळ्या मुलांची शाळा निओशोला होती. बारा वर्षांचा असताना घर सोडून तिकडे गेला. ज्यांच्याकडे राहिला त्या मराया वॉटकिन्स सुईण होत्या. झाडपाल्याची औषधं त्यांनी शिकवली. पुढं कॅन्ससमध्ये लोकांची धुणी धुवून शिक्षण. हायलँड कॉलेजनं पत्रावर प्रवेश दिला आणि पोरगा दारात उभा राहिल्यावर रंग बघून नाकारला. मग ओसाड माळावर जमीन घेतली, मातीच्या ढेपांचं घर बांधलं. तिथंही झाडं जमवलीच.

१८९० मध्ये सिंप्सन कॉलेजात चित्रकला शिकायला गेला. हात चांगला होता, पण काढायचा तो बहुतेक झाडंच. शिकवणाऱ्या एटा बड बाईंचे वडील एम्सच्या शेतकी कॉलेजात फळबागा-फुलबागा शिकवायचे. बाईंनी तिकडे जायला सांगितलं. चित्रं सोडायची तर जीव तुटत होता. पण आपल्या लोकांच्या उपयोगी काय पडेल, या हिशोबानं त्यानं मन घट्ट केलं.

१८९१ मध्ये तो त्या कॉलेजचा पहिला काळा विद्यार्थी झाला. सुरुवातीला जेवायला तळघरात, नोकरांच्या पंगतीत. तरी टिकला. १८९४ ला पदवी, मग तिथल्याच ग्रीनहाऊसची जबाबदारी. झाडांवरच्या बुरशीचे नमुने गोळा करत आसपासची रानं तुडवायचा. बरोबर एका प्राध्यापकाचा पाच-सहा वर्षांचा मुलगा असायचा, हेन्री वॉलेस. गवत कसं ओळखायचं ते जॉर्जनं त्याला शिकवलं. हा हेन्री पुढं अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामात टस्कीगीच्या संस्थेत बोलावलं. कापसावर कापूस घेऊन तिथली माती मेली होती. हे आपल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. चवळी, रताळी, भुईमूग घ्या म्हणून तो गावोगाव सांगत फिरला. (पीनट बटरचा शोध त्यानं लावला असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते खरं नाही.) पहाटे चारला उठून रानात जाणं मात्र सुटलं नाही. हातात पाला, कोटाला ताजं फूल.

लोक खायचे मक्याचं पीठ, खारवलेलं मांस आणि काकवी. जीवनसत्त्वं कमी पडून दुखणी यायची, आणि दारापुढं भाजी तण म्हणून उपटली जायची. कार्व्हर ती ओळखायला आणि शिजवायला शिकवायचा. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, सत्तरी उलटलेली असताना त्यानं रानभाज्यांची पुस्तिका काढली. आपला चाकवत त्यात आहे.

५ जानेवारी १९४३ ला तो टस्कीगीतच गेला. त्याच वर्षी जुलैत सरकारनं डायमंडजवळचं मोझेसचं शेत राष्ट्रीय स्मारक केलं. तिथं आज पायवाट आहे, ती ज्या झाडीत तो रोपं लपवायचा तिच्यातूनच जाते. आजूबाजूला तिथलंच मूळचं माळरानाचं गवत पुन्हा वाढवलंय.