कुष्ठरोगात बोटं का वाकतात? उत्तर नसांमध्ये शोधणारे डॉ. खानोलकर

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या परिसराला कुष्ठरोग नवा नाही. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्राममध्ये गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करायचे. पण बाकीच्यांना दिसायची ती फक्त झडलेली बोटं. रोग कातडीचा, असाच समज.

सूक्ष्मदर्शकातून वेगळं चित्र दाखवलं ते मुंबईच्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एमडी. मग ग्रँट आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात प्राध्यापकी, पुढे टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख. कॅन्सर संशोधक म्हणून नाव एवढं मोठं झालं, की त्यांचं कुष्ठरोगावरचं काम मागेच पडलं.

त्यांनी लक्ष दिलं ते रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांवर. तिथल्या कातडीचे पातळ काप तपासले, तर रोगाच्या खुणा बारीक नसांमध्ये सापडल्या. हा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला.

आता नस आतून कशी असते बघा. मधे संदेश नेणारा तंतू, त्याभोवती श्वान पेशींचं वेष्टण, अशा तंतूंच्या जुड्या आणि त्यांवर घट्ट आवरण. कुष्ठजंतू या श्वान पेशींत मुक्काम ठोकतो. शरीर प्रतिकार करतं, नस सुजते, पण फुगायला जागा नसते. तंतू आतल्या आत दबून मरतात. कोपराजवळची नस गेली की पंजातल्या छोट्या स्नायूंना हुकूमच मिळत नाही. जंतूने त्या स्नायूंना हातही लावलेला नसतो, तरी त्यांचे पट्टेदार तंतू बारीक होत जातात आणि बोटं आकडतात. त्यात बधिरपणा. तवा भाजला तरी कळत नाही. जखमा चिघळून हाडं झिजतात, त्यालाच लोक झडणं म्हणतात.

जंतू कातडीतल्या नसांच्या टोकांतून शिरून वर सरकतो, असं खानोलकरांचं मत होतं. पुढच्या संशोधकांनी रक्तवाहिन्यांचा मार्गही दाखवला. नसांचं महत्त्व मात्र कायम राहिलं.

१९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला त्यांचं निधन झालं. तोवर वर्ध्याच्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे कार्यकर्ते गावोगाव, घरोघर फिरून बधीर चट्टे शोधत होते, नस मरायच्या आत औषध सुरू व्हावं म्हणून.