वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक होते. भारतीय मालकीचा जहाज, विमान आणि मोटार उद्योग उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. प्रस्तुत लेखात त्यांच्या मोटार उद्योगाचा विशेष विचार केला आहे.

पूर्वायुष्य

वालचंदांचा जन्म व्यापारी जैन कुटुंबात झाला. वडिलांचे नाव हिराचंद नेमचंद. घरच्या व्यापारात मन न रमल्याने वालचंद लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेचे ठेकेदार झाले. पुढे ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमान कारखान्याची स्थापना केली.

मोटार कारखाना

जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडत असे. मात्र इंजिन परदेशातूनच येई. मोटार, तिच्या इंजिनासह, भारतातच घडली पाहिजे, असा वालचंदांचा आग्रह होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचाही या कल्पनेला पाठिंबा होता. फोर्ड कंपनीशी बोलणी निष्फळ ठरल्यावर वालचंदांनी क्रायस्लरशी करार केला. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या योजनेस अनुकूलता दाखवली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथील कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली.

क्रायस्लरची इंजिने

क्रायस्लर समूहाच्या त्या काळातील मोटारींत एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन असे. त्याच्या झडपा माथ्यात नसून ब्लॉकमध्येच असत. बाहेरून ही इंजिने सारखीच दिसत. म्हणून ब्लॉकच्या डाव्या बाजूस कोरलेल्या क्रमांकावरून ती ओळखावी लागत. १९४६ ते १९४८ या काळातील अमेरिकी प्लिमथच्या क्रमांकाचा आरंभ ‘पी १५’ने, तर डॉजच्या क्रमांकाचा ‘डी २४’ने होई. दोन्ही इंजिनांत सिलिंडरचा व्यास ३.२५ इंच होता. परंतु दट्ट्याची धाव प्लिमथमध्ये ४.३७५ इंच, तर डॉजमध्ये ४.६२५ इंच होती. एवढ्या फरकामुळे आकारमान २१८ वरून २३० घनइंचांवर आणि शक्ती ९५ वरून १०२ अश्वशक्तीवर जाई. डॉजचा क्रँकशाफ्ट व जोडदांडे प्लिमथच्या ब्लॉकमध्ये बसवून, तसेच माथा घासून संपीडन वाढवून, कारागीर या इंजिनांची ताकद वाढवीत.

अखेरचा काळ

असे इंजिन घडवण्यासाठी ब्लॉकचे ओतकाम, क्रँकशाफ्टचे घडीवकाम आणि सूक्ष्म यंत्रकाम लागते. सुट्या भागांचे पूरक कारखाने देशात फारसे नव्हते. त्यामुळे आरंभी कुर्ल्यातही आयात भागांची जोडणीच होत होती. वालचंदांचा मूळ हेतू अपुरा राहिला. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले.

१९५३ मध्येच केंद्र सरकारने प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना जोडणी बंद करण्यास भाग पाडले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील काम आवरले, प्रीमियर टिकली. पुढे कुर्ल्यात फियाटच्या आराखड्याचे १,०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन तयार होऊ लागले. प्रीमियर पद्मिनीच्या रूपाने ते मुंबईच्या टॅक्सींत दीर्घकाळ धावले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंदांच्या नावाने ओळखले जाते.