विश्लेषण : भरतीची वेळ वर्षभर आधी कशी कळते? लॉर्ड केल्व्हिन यांच्या यंत्राची कहाणी

पावसाळा सुरू होण्याआधीच मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते. हा आकडा लाटेच्या उंचीचा नसून समुद्राच्या पाणीपातळीचा असतो. त्या वेळी मुसळधार पाऊस असेल, तर नाल्यांतले पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल भाग बुडतात. ही वेळ इतकी आधी सांगता येते, यात मोठा वाटा विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन यांचा आहे.

केल्व्हिन कोण होते?

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. ते सहा वर्षांचे असताना आई गेली. वडील गणिताचे प्राध्यापक म्हणून स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात रुजू झाले आणि मुलाने दहाव्या वर्षीच तिथे प्रवेश घेतला. केंब्रिजमधील शिक्षणानंतर १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, थॉमसन ग्लासगोमध्ये प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी ५३ वर्षे सांभाळले. १८४८ मध्ये त्यांनी तापमानाची निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. आजचे ‘केल्व्हिन’ हे एकक त्यांच्याच नावाचे.

त्यांना समुद्राकडे नेले ते तारायंत्राने. अटलांटिकच्या तळाशी १८५८ मध्ये टाकलेली तार काही आठवड्यांतच निकामी झाली. १८६६ मध्ये काम यशस्वी झाले, त्यात थॉमसन यांचे संशोधन मोलाचे ठरले आणि त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८७० मध्ये पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘लल्ला रूख’ हे शिडाचे जहाज विकत घेतले. होकायंत्र, समुद्राची खोली मोजण्याचे साधन अशा खलाशांच्या अडचणी ते मग स्वतः सोडवू लागले. भरतीचे कोडे त्यातलेच.

भरती-ओहोटी का होते?

याचे उत्तर न्यूटन यांनी १६८७ मध्येच दिले होते. चंद्राची ओढ त्याच्या समोरच्या पाण्यावर सर्वाधिक, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि पलीकडच्या पाण्यावर सर्वांत कमी असते. त्यामुळे समोरचे पाणी पुढे ओढले जाते, तर पलीकडचे मागे राहते. असे दोन फुगवटे तयार होतात. पृथ्वी त्यांखालून फिरते, म्हणून बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दरम्यान चंद्रही पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते.

सूर्याचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास कळतो, हा कोकणातील ढोबळ हिशेब याच चक्रावर आधारलेला आहे.

कारण कळले, तरी वेळ का सांगता येईना?

चंद्र एकच असला, तरी प्रत्येक किनारा वेगळा आहे. भावनगरला पाणी दहा मीटरच्या आसपास चढते-उतरते, मुंबईत मोठ्या उधाणाला सुमारे पाच मीटर, तर चेन्नईत जेमतेम एक मीटर. जमिनीचे अडथळे, खाडीचा आकार, तळाची खोली यांनुसार भरतीची लाट अडते, वळते किंवा फुगते. निव्वळ चंद्रावरून बंदराची वेळ काढता येत नाही. चुकीच्या वेळी आत शिरलेले जहाज गाळात रुतायचे. लिव्हरपूलसारख्या बंदरात भरतीचे तक्ते होते, पण ते बनवण्याची रीत एका घराण्याने गुपितासारखी जपली होती.

थॉमसन यांनी काय केले?

त्यांनी प्रश्न उलटा केला. बंदरात पाणी कसे वागते, हे आधी मोजायचे. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीमार्फत १८६७ पासून त्यांनी हे काम हाती घेतले. भरतीचा वेडावाकडा आलेख अनेक साध्या लयींची बेरीज असतो. एक लय चंद्राची, १२ तास २५ मिनिटांची. एक सूर्याची, बरोबर १२ तासांची. चंद्राचे जवळ-दूर जाणे, उत्तर-दक्षिण सरकणे यांच्या आणखी लयी. लयींचे कालावधी खगोलशास्त्रातून मिळतात, त्यांचा त्या बंदरातील जोर नोंदींतून. मग भविष्यासाठी फक्त बेरीज उरते.

पण ती बेरीज वर्षभराच्या प्रत्येक तासासाठी हाताने करणे जवळपास अशक्य होते. १८७२ मध्ये अधिवेशनासाठी ब्रायटनला जाताना अभियंता बीचम टॉवर यांनी तार आणि कप्प्यांची कल्पना सुचवली. थॉमसन यांच्या यंत्रात दहा लयींसाठी दहा कप्प्या होत्या. दात्यांच्या चाकांमुळे प्रत्येक कप्पी आपापल्या लयीत वर-खाली होई. सर्वांवरून एकच तार जाई आणि तिच्या टोकाची लेखणी कागदावर बेरीज उमटवी. एका बंदराची वर्षभराची भरती सुमारे चार तासांत मिळू लागली.

मुंबईशी संबंध काय?

मुंबईत अपोलो बंदरावरील पाणीपातळीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. भारतीय बंदरांसाठी १८७९ मध्ये २० लयींचे मोठे यंत्र लंडनमध्ये तयार झाले. त्याची रचना एडवर्ड रॉबर्ट्स यांची. थॉमसन यांच्या यंत्राची आकडेमोडही त्यांनीच केली होती. पुढे श्रेयावरून दोघांत वाद झाला. पुढे १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईसाठी भरतीचे गणितही लिव्हरपूलजवळ अशाच यंत्रांवर झाले. आता यंत्रांची जागा संगणकाने घेतली आहे, पद्धत मात्र मुळात तीच आहे.

मर्यादा कोणत्या?

हे गणित वारा, वादळ आणि हवेचा दाब यांचा अंदाज देत नाही. चक्रीवादळात समुद्र तक्त्यापेक्षा बराच वर चढू शकतो. म्हणून भरतीची वेळ आणि हवामानाचा इशारा एकत्रच पाहावा लागतो.

थॉमसनही सर्वत्र बरोबर नव्हते. पृथ्वीचे वय त्यांनी अखेरीस दोन ते चार कोटी वर्षे मानले, प्रत्यक्षात ते सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. १८९२ मध्ये ते ‘लॉर्ड केल्व्हिन’ झाले आणि १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन न्यूटन यांच्या शेजारी झाले. भरती का येते हे एकाने सांगितले, ती आपल्या बंदरात किती वाजता येईल हे दुसऱ्याने.