पाषाणांचे वाचक स्टीफन हिस्लॉप

भंडाऱ्याहून उत्तरेस निघून तुमसरच्या पुढे गेले म्हणजे भाताची खाचरे हळूहळू मागे पडतात आणि रानाने झाकलेल्या टेकड्या दिसू लागतात. त्यांपैकी एका टेकडीवर आंबागडाचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळी, इ. स. १७०० च्या सुमारास, तो बांधला गेला. पावसाळा सरला म्हणजे सहलीस निघालेली मुले या गडाची वाट चढतात आणि तटावर उभी राहून खालचे हिरवे रान व दूरची शेते न्याहाळतात. परंतु ज्या खडकावर आपण उभे आहोत, तो येथे केव्हा व कसा आला, असा प्रश्न त्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल? वाटेतला दगड पायाने दूर सारून पुढे जाणारे पुष्कळ असतात. त्याच्यापाशी थांबून त्याची विचारपूस करणारे थोडे. नागपूर व त्याच्या आसपासच्या प्रदेशात पहिल्याने ज्यांनी अशी कसोशीने विचारपूस केली, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात नागपुरास सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे सैन्य व इंग्रज यांच्यात प्रसिद्ध लढाई झाली. ज्या टेकडीवर तोफा धडधडल्या, त्याच टेकडीचे खडक पुढे आपण अभ्यासणार आहोत, हे त्या दूरदेशीच्या बालकाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. वडील गवंडीकाम करीत. त्यामुळे दगड, छिन्नी व हातोडा या वस्तू त्या घरास परक्या नव्हत्या. एडिंबरो व ग्लासगो येथे उच्च शिक्षण घेऊन हिस्लॉप यांनी धर्मोपदेशकाचे कार्य पत्करले. त्यांच्या संस्थेने त्यांना हिंदुस्थानात पाठविण्याचे ठरविले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास पोहोचले.

त्या काळी नागपुरास तिसरे रघुजी भोसले राज्य करीत होते. आजचा भंडारा जिल्हा त्यांच्याच राज्यात मोडत असे. आगगाडी तर नव्हतीच, पण बारमाही सडकाही क्वचितच होत्या. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरास मुलांसाठी शाळा काढली. वर्षातील पुष्कळसा काळ शिकविण्यात जाई. हिवाळा लागला म्हणजे ते गावोगाव हिंडण्यास निघत. धर्मोपदेश हा या प्रवासाचा हेतू असला, तरी त्यांची दृष्टी सदैव वाटेच्या दोन्ही बाजूंस वळलेली असे. ओढ्याची तुटलेली दरड, नव्या विहिरीतून वर काढलेले दगड, खाणीचा उघडा कडा, टेकडीच्या माथ्यावरचा बोडका कातळ, यांपैकी काहीही दिसले म्हणजे त्यांचे पाऊल तेथे रेंगाळत असे.

१८४७ मध्ये त्यांना रॉबर्ट हंटर हे सहकारी लाभले. तेही निसर्गाचे अभ्यासक होते. १८५१ मध्ये हे दोघे नागपूरच्या पश्चिमेस टाकळी या गावाकडे फिरावयास गेले असता तेथील खडकात त्यांना लहान लहान शंख रुतलेले दिसले. शंख म्हटले की आपल्यास समुद्र आठवतो. परंतु हे शंख समुद्रातले नव्हते. गोड्या पाण्यात, तळ्याच्या काठी राहणाऱ्या गोगलगाईंचे ते होते. आश्चर्य याहूनही मोठे होते. ज्या खडकात ते सापडले, त्याच्या सभोवार ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला काळा कातळ पसरलेला होता. तापून लाल झालेला रस जेथून वाहिला, तेथे गोगलगाई कशा जगल्या असतील?

या प्रश्नाचे उत्तर सीताबर्डीच्या टेकडीने दिले. टेकडीची तुटलेली बाजू लक्षपूर्वक पाहिली असता तिच्यात निरनिराळे थर एकावर एक रचलेले दिसत होते. तळाशी फार जुना कठीण खडक, त्यावर काळा कातळ, मध्ये गाळापासून झालेला एक पातळ पट्टा आणि त्यावर पुन्हा काळा कातळ. हा क्रम एखाद्या पोथीच्या पानांसारखा होता. खालचे पान आधी लिहिले गेले, वरचे नंतर. एकदा तप्त रस वाहून आला आणि थंड होऊन त्याचा कातळ झाला. त्यानंतर दीर्घ काळ शांतता होती. त्या काळात खळग्यांतून पाणी साचून तळी झाली, काठावर झाडे वाढली, पाण्यात मासे व गोगलगाई नांदू लागल्या. पुढे पुन्हा भूमीच्या पोटातून रस उसळला आणि त्याने ती तळी झाकून टाकली. दोन कातळांच्या मध्ये दबलेला तो गाळाचा पट्टा म्हणजे त्या नष्ट झालेल्या तळ्यांची उरलेली खूण होय.

आता त्या दोघांच्या फेरफटक्यांस निश्चित दिशा मिळाली. टाकळीच्या त्या खडकांतून त्यांनी शंखांबरोबरच फळे, बिया, लाकडाचे तुकडे, माशांचे खवले व कीटकांचे अवशेष मिळविले. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या अशा दगडात जतन झालेल्या अवशेषांस जीवाश्म म्हणतात. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर मांगली येथील वालुकाश्मात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी सापडली. ती लंडनला पाठविण्यात आली आणि रिचर्ड ओवेन या विख्यात प्राणिशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. १८५५ मध्ये हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या आसमंतातील खडकांविषयीचा विस्तृत निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. ज्या टेकड्यांवरून गुराखी रोज गुरे नेत, त्या टेकड्यांची नावे जगातील विद्वान वाचू लागले.

त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने हंटर मायदेशी परतले. हिस्लॉप यांनी अभ्यास पुढे चालविला. कामठीजवळ सिलेवाडा येथे वालुकाश्माच्या खाणी होत्या. तेथील दगड फोडला असता आत पानांचे ठसे उमटलेले आढळत. जिभेच्या आकाराची ती पाने, मधली शीर व जाळीदार नक्षी यांसह, कोणी आताच दाबून ठेवावीत इतकी स्पष्ट होती. या वनस्पतीस शास्त्रज्ञ ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. अशीच पाने आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील खडकांतही मिळाली. अंटार्क्टिकाच्या बर्फमय प्रदेशातही सापडली. समुद्रांनी विभागलेल्या या भूभागांवर एकच वनस्पती कशी वाढली असेल? हे सर्व भूभाग एके काळी परस्परांस जोडलेले होते, हे त्याचे उत्तर आता सर्वमान्य झाले आहे. त्या प्राचीन महाखंडास गोंडवन हे नाव मिळाले. ज्या गोंड लोकांनी आंबागड बांधला, त्यांच्या भूमीचे हे नाव आज जगातील प्रत्येक भूगर्भशास्त्रज्ञाच्या मुखी आहे.

हिस्लॉप यांची सर्वच अनुमाने काळाच्या कसोटीस उतरली असे मात्र नाही. सिलेवाड्याच्या पानांचे व त्यांच्या जोडीच्या दगडी कोळशाचे वय त्यांनी पुष्कळच कमी मानले. त्यांच्या हयातीतच अन्य अभ्यासकांनी त्यास हरकत घेतली व त्यावर वाद झाला. आज त्या पानांचे वय सुमारे २५ कोटी वर्षे मानले जाते. टाकळीच्या तळ्यांचा काळही त्यांनी ठरविला त्याहून मागचा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. असे असूनही त्यांचे काम टाकाऊ ठरले नाही. कोणती वस्तू कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, कशाच्या वर व कशाच्या खाली मिळाली, हे त्यांनी काटेकोरपणे लिहून ठेवले होते. म्हणूनच पुढील अभ्यासकांना त्याच जागी जाऊन पुन्हा पाहता आले आणि चूक सुधारता आली. अनुमान बदलू शकते. प्रामाणिकपणे केलेली नोंद बदलावी लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथून त्यांनी प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळविली होती. त्याच पिसदुऱ्याच्या खडकांतील डायनासोरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. डायनासोरांच्या काळीही पृथ्वीवर गवत उगवत होते, ही गोष्ट त्यामुळे सिद्ध झाली.

दगडांकडे पाहता पाहता हिस्लॉप यांनी माणसांकडे पाठ फिरविली नाही. रानावनांतून हिंडताना त्यांचा गोंड लोकांशी परिचय झाला. ज्यांच्याविषयी शहरातील लोकांस फारशी माहिती नव्हती, त्यांच्या चालीरीती त्यांनी समजावून घेतल्या, त्यांच्या भाषेतील शब्दांचा संग्रह केला आणि परंपरेने मुखोद्गत असलेली लिंगोची दीर्घ गाथा लिहून घेतली. लिंगो हा गोंडांचा पूज्य पूर्वज. खडकावरचा ठसा टिकतो. ओठांवरचे गाणे मात्र गाणाऱ्याबरोबर लोप पावू शकते.

१८६३ च्या सप्टेंबर महिन्यात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे गेले. तेथे माळावर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले होते. ही प्राचीन लोकांची दफनस्थाने होती. ४ सप्टेंबर रोजी त्यांची पाहणी झाली आणि इतर मंडळी बोरीच्या तळाकडे परतली. हिस्लॉप मात्र गावातील शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. काम आटोपून संध्याकाळी ते एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने वाटेतील ओढ्यास पूर आला होता. काही वेळाने त्यांचा घोडा तळावर आला. त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. मंडळी दिवे घेऊन धावली. परंतु ओढ्याने आपला घास घेतला होता. ज्या ओढ्यांच्या काठांनी त्यांना पृथ्वीचा इतिहास शिकविला, तशाच एका ओढ्यात त्यांचा अंत झाला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

त्यांच्या मृत्यूबरोबर त्यांचे परिश्रम बुडाले नाहीत. गोंड व इतर आदिवासी जमातींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. लिंगोची गाथा त्यामुळेच ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. टाकळघाटचे काम डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये उत्खनन करून पुढे नेले. त्या शिलावर्तुळांखाली लोखंडाची हत्यारे व मातीची भांडी मिळाली आणि विदर्भात दोन हजार वर्षांहूनही पूर्वी लोखंड वापरणारे लोक राहत होते, हे स्पष्ट झाले. पाठोपाठ भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी येथे डॉ. देव व जगत्पती जोशी यांनी उत्खनन केले, तेव्हा तेथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकट झाले. टाकळीला आढळलेल्या एका हिरव्या खनिजास हिस्लॉप यांच्या नावावरून हिस्लोपाइट असे नाव देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ नागपुरास १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय अद्यापि विद्यादान करीत आहे.

भंडारा जिल्ह्यातील आंबागडच्या टेकड्यांचे खडक सीताबर्डीच्या काळ्या कातळाहून कितीतरी पटींनी जुने आहेत. ते सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचे किंवा त्याहूनही प्राचीन असावेत. त्यांच्याच पोटी चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी आहेत. भूमीच्या अंतर्भागातील उष्णतेने व दाबाने त्यांचे मूळ रूप पार पालटून गेले असल्याने त्यांत शंख वा पाने मिळत नाहीत. परंतु त्यांतील पट्टे, वळ्या व चकाकणारे कण हीही एक लिपीच आहे. ती वाचण्यास मोठी साधने लागतात असे नाही. हिस्लॉप यांच्यापाशी शाळेच्या कामातून उरलेला थोडासा वेळ, चालण्याची हौस, बारकाईने पाहणारे डोळे व पाहिले तेच लिहिण्याची सवय, एवढेच भांडवल होते. त्या भांडवलावर त्यांनी एका सबंध प्रांताच्या पाषाणांना बोलते केले.