पेशींचं घर उभारणाऱ्या कमल रणदिवे

आमच्या मानोऱ्याकडे कुणाला कॅन्सर झाला, की घरचे आधी नागपूरचं नाव घेतात, मग मुंबईच्या टाटाचं. वाशिम जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. पण त्याच परळात एका मराठी बाईंनी काय उभं केलं, हे मला इंजिनीअरिंगला आल्यावर कळलं. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं, ही त्यांची इच्छा. पण त्या वळल्या संशोधनाकडे. १९४३ मध्ये एम.एस्सी. केलं, तेही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर! लग्नानंतर मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या शिकल्या. प्रसिद्ध ‘हेला’ पेशी १९५१ मध्ये शरीराबाहेर वाढवणारे ते हेच.

परत येऊन त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभारली. ३७ अंश तापमान सतत सांभाळायचं, एक जंतू शिरला तर सगळं वाया! पेशींचं पोषक द्रावणसुद्धा १९६० च्या दशकात त्यांच्या टीमनं इथेच बनवलं. १९६६ ते १९७० त्यांनी संस्थेचं संचालकपद सांभाळलं, १९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासींमध्ये काम केलं (आपला अकोला नव्हे, नगरकडचं अकोले!). २००१ मध्ये त्या गेल्या.

आता यात इंजिनीअरचं काय? रक्तवाहिनीपासून साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पेशीला प्राणवायू पुरत नाही. म्हणून लॅबमध्ये जाड ऊती वाढवायची तर आधी पाइपलाइन हवी. आज संशोधक मऊ जेलमध्ये रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी सोडतात आणि त्या जुळून बारीक नळ्या कशा होतात, ते पाहतात. कॅन्सरची गाठही अशाच नव्या वाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. तो पुरवठा कसा तोडायचा, हे अशा ऊतींवर तपासता येतं. पण पेशी शरीराबाहेर जगवण्याचा पाया आपल्या देशात घातला तो कमलताईंनी.

तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर नुसता काढायचा म्हणून काढू नका. परळला निघालेल्या आपल्या गावच्या पेशंटला उद्या त्याचाच उपयोग होईल!