गिरणीच्या पोरांचे फादर : कार्डिनल जोसेफ कार्डाइन



युवकांमधून नेते कसे घडवावेत, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामात कधी ना कधी निघतोच. एखादे शिबिर घ्यावे, बाहेरून वक्ता बोलवावा, शेवटी प्रमाणपत्रे वाटावीत, इथवर आपली मजल जाते. ह्या रविवारी आम्ही अशा एका धर्मगुरूची ओळख करून देत आहोत, ज्यांनी ह्या एकाच प्रश्नापायी आयुष्याची साठ वर्षे खर्ची घातली. त्यांना उत्तर सापडले ते शिवणकामाच्या खोल्यांत आणि कारखान्यांच्या फाटकाशी. त्यांचे नाव जोसेफ कार्डाइन.

१३ नोव्हेंबर १८८२ रोजी बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सला लागून असलेल्या स्खारबेक येथे त्यांचा जन्म झाला. वडील घोडागाडी हाकत, पुढे कोळशाचा छोटा धंदा करू लागले. आई लग्नाआधी मोठ्या घरी मोलकरीण होती. कुटुंब हाले ह्या गावी राहायला गेले. पवित्र मरियेचे तीर्थस्थान म्हणून हे गाव प्रसिद्ध. पण त्या काळात गावाभोवती कारखानेही उभे राहिले होते. बेल्जियममध्ये १८८९ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की बारावे सरले की मूल कामाला. पहाटे गावातली मुले घरावरून कारखान्याकडे जात. ते दृश्य लहान जोसेफने रोज पाहिले.

१८९७ साली त्याचीही पाळी आली. शाळा संपली होती आणि त्याने कामाला लागावे असे घरात ठरले होते. रात्री सगळे निजल्यावर तो अनवाणी खाली स्वयंपाकघरात आला, आईवडील अजून जागेच होते. मला शिकायचे आहे, धर्मगुरू व्हायचे आहे, असे त्याने सांगितले. घरात मिळवत्या हाताची गरज होती. तरीही दोघांनी होकार दिला आणि वडिलांनी आपले कष्ट वाढवले. हा प्रसंग कार्डाइन पुढे आयुष्यभर सांगत असत.

मेखेलेनच्या सेमिनरीतून तो सुट्टीत घरी आला, तेव्हा जुने सोबती गिरणीत लागले होते. कालपर्यंत एकत्र मिस्साला जाणारी ही मुले आता त्याला पाहून तोंड फिरवू लागली. त्यांच्या लेखी तो मालकांच्या आणि पाद्र्यांच्या बाजूचा झाला होता. मुले वाईट नव्हती, ती चांगल्या घरातली, धर्मशिक्षण घेतलेली होती. मग काही महिन्यांत असे काय घडले? कामाच्या जागी त्यांना जे जग दिसले, त्याविषयी त्यांच्या धर्मशिक्षणात एक शब्दही नव्हता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोवारूम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक काढले होते खरे, पण ते ह्या मुलांच्या कानांपर्यंत पोहोचले नव्हते.

१९०३ साली वडील वारले. त्यांच्या मृत्युशय्येपाशी जोसेफने आपले सारे आयुष्य कामगारांना वाहून देण्याची शपथ घेतली. १९०६ साली गुरुदीक्षा झाली. कार्डिनल मर्सिए यांनी त्यांना लूवेन विद्यापीठात समाजशास्त्राच्या अभ्यासाला पाठवले. त्यानंतर मात्र नेमणूक झाली ती सेमिनरीच्या शाळेत शिक्षक म्हणून. पाच वर्षे ते मुलांना शिकवत राहिले. सुट्ट्यांमध्ये ते परदेशी जाऊन कामगार संघटना पाहत. १९११ साली इंग्लंडमध्ये त्यांनी गोदी कामगारांचे पुढारी बेन टिलेट यांची भेट घेतली.

१९१२ साली त्यांना लाकेन येथे सहायक धर्मगुरू म्हणून पाठवण्यात आले. ब्रुसेल्सच्या ह्या भागात राजवाडाही आहे आणि तेव्हा कामगारांची दाट वस्तीही होती. त्यांच्याकडे काम आले स्त्रियांच्या आणि मुलींच्या मंडळांचे. दुसरा कोणी असता तर सणाची सजावट आणि सहल एवढ्यात त्याने वर्ष काढले असते. कार्डाइन घरोघर गेले. शिवणकाम शिकणाऱ्या मुली, दुकानातल्या मुली, कारखान्यातल्या मुली यांना त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती वाजता कामावर जाता, हातात किती पडते, मुकादम कसा वागतो, शेजारी बसणारी मुलगी कोण, ती आजारी पडली तर तिचे काय होते. मुलींना सगळीच उत्तरे ठाऊक नसत. मग त्यांनी स्वतः विचारून, पाहून यावे आणि पुढच्या बैठकीत सांगावे, असे ठरे.

ह्यात विशेष ते काय, असे वाटेल. आमच्या मते सारे काही इथेच आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आजवर सगळे जण काय करायचे ते सांगत आलेले असतात. तिला पहिल्यांदाच कोणी तरी विचारते की तू काय पाहिलेस. ती पाहू लागते. पाहिले की तिला शेजारणीचे दुःख दिसते, आणि ते शुभवर्तमानाच्या उजेडात धरले की ते तसेच राहू देणे तिला जमत नाही. लिएज येथे सुईकाम करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभारणाऱ्या व्हिक्टोआर काप तेव्हा ब्रुसेल्समध्ये काम करत होत्या. त्यांच्या सोबतीने लाकेनच्या मुलींचेही संघटन होऊ लागले.

पुढे ही पद्धत तीन शब्दांत जगभर गेली: पाहा, पारखा, कृती करा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्यांना ह्यात ओळखीचा सूर ऐकू येईल. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक ह्या सद्गुणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी चौकशी, मग निर्णय, आणि शेवटी तो अमलात आणणे. त्यांच्या मते तिसरी पायरी मुख्य. ठरवून जो गप्प बसतो तो विवेकी नव्हे. आम्ही हे वर्गात पाठ केले. लाकेनच्या मुलींनी ते शिवणयंत्रापाशी बसून केले.

मुलांच्या बाजूला फर्नांड टोने हा बँकेत कारकुनी करणारा तरुण त्यांना मिळाला. इतक्यात १९१४ चे महायुद्ध सुरू झाले, बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेले. कामगारांना पकडून जर्मनीत नेले जात होते. त्याविरुद्ध बोलल्याबद्दल १९१६ च्या अखेरीस कार्डाइन यांना अटक झाली. १९१८ साली ते पुन्हा गजाआड गेले. तुरुंगात त्यांनी बायबल वाचले, मार्क्सही वाचला, आणि युवा कामगारांच्या संघटनेचा आराखडा कागदावर उतरवला.

१९१९ साली टोने, पॉल गार्से आणि जाक मेर ह्या तिघा तरुणांना घेऊन काम पुन्हा सुरू झाले. १९२४ साली त्याला ख्रिस्ती युवा कामगार असे नाव मिळाले. फ्रेंचमधल्या आद्याक्षरांवरून लोक त्याला जॉक म्हणत. नियम साधा होता. युवा कामगारांचे काम युवा कामगारांनीच करायचे, त्यांच्यातच राहून, त्यांच्याचसाठी. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार सगळे कामगार. धर्मगुरूने मागच्या बाकावर बसायचे, नेत्यांना एकेकटे भेटायचे, त्यांच्या श्रद्धेला खतपाणी घालायचे, पण खुर्ची घ्यायची नाही. (स्वतः कार्डाइन व्यासपीठावर चढले की सभागृह दणाणून सोडत. मागच्या बाकावर बसण्याचा उपदेश त्यांना स्वतःला किती जड गेला असेल, याची आम्हाला कल्पना करता येते.)

विरोध बाहेरून झाला तसा घरातूनही झाला. बेल्जियममध्ये कॅथॉलिक युवकांची एक मोठी संस्था आधीच होती. कामगार मुलांची वेगळी चूल कशाला, ख्रिस्तसभेत वर्गभेद का आणता, असा सवाल आला. कार्डिनल मर्सिए यांनाही ही शंका होती. ती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. ख्रिस्ताचे शरीर एकच आहे. परंतु एकत्र मंडळात प्रत्यक्षात काय होते, ते आपण सगळेच पाहतो. शिकलेला मुलगा माईक धरतो, आणि कारखान्यातला मुलगा खुर्च्या लावतो. खुर्च्या लावून लावून कोणी नेता होत नाही.

मार्च १९२५ मध्ये कार्डाइन रोमला गेले. पोप अकरावे पायस यांच्यासमोर उभे राहून, कामगारांना वाचवण्यासाठी मला आयुष्य द्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. आजवर सगळे निवडक लोकांविषयी बोलत आले, सामान्य जनतेविषयी बोलणारा अखेर कोणी तरी भेटला, अशा अर्थाचे उद्गार पोपनी काढले, असे ते सांगत. आशीर्वाद मिळाला, आणि घरचा विरोध मावळत गेला. १९३१ च्या परिपत्रकात त्याच पोपनी लिहिले, की कामगारांचे पहिले प्रेषित कामगारच असले पाहिजेत.

त्यानंतर प्रसार वेगाने झाला. १९२७ साली पॅरिसजवळच्या क्लिशी येथे फादर जॉर्ज गेरँ यांनी फ्रान्समधली शाखा काढली. १९३५ साली दहाव्या वर्धापनदिनी ब्रुसेल्सच्या मैदानावर सुमारे एक लाख तरुण जमले. प्रत्येक युवा कामगार देवाचे लेकरू आहे, त्याचे मोल जगातल्या साऱ्या सोन्याहून अधिक आहे, हे कार्डाइन त्यांना पुन्हा पुन्हा सांगत. यंत्रापुढे दिवस काढणाऱ्याला हे ऐकण्याची किती भूक होती, ते त्या गर्दीने दाखवले.

अशा घडणीची किंमत काय असते, ते दुसऱ्या महायुद्धात दिसले. १९४२ साली गेस्टापोने कार्डाइन यांना पकडले, काही महिने ब्रुसेल्सच्या साँ-जिल तुरुंगात ठेवले. ते सुटले. टोने आणि गार्से सुटले नाहीत. पहिल्या तिघांपैकी हे दोघे १९४५ साली डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. युद्ध संपायला तेव्हा काही महिनेच उरले होते. ज्यांना मुलगे मानून वाढवले, त्यांच्यामागे हा म्हातारा आणखी बावीस वर्षे जगला, आणि काम करत राहिला.

युद्धानंतर ते खंडाखंडातून फिरले. १९५७ साली रोममध्ये तीस हजारांवर युवा कामगार एकत्र आले. भारतातही यंग ख्रिश्चन वर्कर्सच्या शाखा निघाल्या. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाय.सी.एस.च्या बैठकांना हजेरी लावली असेल. ती चळवळही ह्याच पद्धतीवर चालते. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी 'मातेर एत माजिस्त्रा' ह्या परिपत्रकात पाहा, पारखा, कृती करा ह्या तीन पायऱ्यांची शिफारस केली. लाकेनच्या मुलींची बैठक साऱ्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आली ती अशी. खेदाची गोष्ट ही, की पुष्कळ ठिकाणी हे तीन शब्द फलकावर राहिले. पाहायचे काय, तर वर्तमानपत्रातली बातमी. कार्डाइन बातमीवर समाधानी नसत. तुझ्या शेजारच्या टेबलावर काय चालले आहे, हा त्यांचा प्रश्न होता. तो आज ऑफिसात, मॉलमध्ये, रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये किंवा पाठीवर पिशवी घेऊन घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या आपल्या मुलामुलींना विचारला, तर बैठक दोन तासांत उरकणार नाही. कंत्राटावर किती जण आहेत, किती वाजता घरी येतात, साहेब कसा बोलतो, हे आम्हा धर्मगुरूंपैकी कितींना माहीत असते?

फेब्रुवारी १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ह्या ब्याऐंशी वर्षांच्या धर्मगुरूला कार्डिनल केले. त्याच वर्षी व्हॅटिकन परिषदेच्या शेवटच्या सत्रात ते तीनदा बोलले. धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने बोलताना त्यांनी साठ वर्षांच्या अनुभवाचा आधार घेतला. तरुणाला सर्व बाजूंनी बंदिस्त करून श्रद्धा टिकत नाही, त्याला स्वातंत्र्यात उभे राहण्याची सवय लावावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील हुकूमनामा संमत झाला. श्रद्धेच्या उजेडात पाहणे, पारखणे आणि करणे हे त्यातही आले.

२४ जुलै १९६७ रोजी लूवेन येथे त्यांचे निधन झाले. २०१४ साली त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू करण्यात आली. त्यांना लाकेनच्या मंदिरात पुरले आहे. पंचावन्न वर्षांपूर्वी सहायक धर्मगुरू म्हणून जिथे ते आले होते, तेच हे मंदिर.