समजून घ्या : इंजिन ऑइल इतकं का तापतं? सोइचिरो होंडा यांना नडलेला एक हट्ट

मीरा रोड : काशिमीरा नाक्यावर संध्याकाळी अडकलेल्या बाइकस्वाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गाडी उभी राहिली की पायाला इंजिनाची झळ लागते, गाडी धावायला लागली की ती कमी होते. घोडबंदर रोडने गायमुखचा घाट रांगेत चढताना तर ही झळ आणखी वाढते. कारण सोपं आहे. बहुतेक साध्या मोटरसायकलींचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. मग वारा थांबला की उष्णता जाते कुठे?

बरीचशी उष्णता इंजिन ऑइलमध्ये जाते. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांची नजर म्हणूनच ऑइल तापमानाच्या काट्यावर असते. याच उष्णतेने एका अशा माणसाला अडवलं, ज्याचं नाव आज मीरा रोडच्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरवर दिसतं. ते म्हणजे सोइचिरो होंडा.

कोण होते सोइचिरो होंडा?

जन्म १७ नोव्हेंबर १९०६, जपानमधल्या हामामात्सुजवळचं एक खेडं. वडील लोहार होते आणि सायकली दुरुस्त करायचे. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा छोटा सोइचिरो तिच्यामागे धावला. रस्त्यावर सांडलेल्या ऑइलचा वास आपण कधीच विसरलो नाही, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

पंधराव्या वर्षी त्यांनी टोकियो गाठलं आणि ‘आर्ट शोकाई’ या गॅरेजमध्ये उमेदवारी धरली. सुरुवातीला हातात पान्हा आलाच नाही, मालकाचं मूल सांभाळावं लागलं. मग मात्र ते असे रमले की १९२४ मध्ये गॅरेजच्या रेसिंग कारमध्ये मेकॅनिक म्हणून बसले आणि ती कार शर्यत जिंकली. १९२८ मध्ये त्यांनी हामामात्सुत त्याच गॅरेजची शाखा उघडली.

१९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर मोठा अपघात झाला. ते आणि त्यांचा भाऊ जखमी झाले. मग त्यांनी पिस्टन रिंग बनवायचं ठरवलं. टोयोटाकडे तपासणीसाठी दिलेल्या ५० पैकी फक्त ३ रिंग पास झाल्या. धातूशास्त्र कच्चं आहे हे लक्षात आल्यावर ते तिशीत पुन्हा शाळेच्या बाकावर बसले. हवं ते शिकले, परीक्षा मात्र दिली नाही आणि शाळेने त्यांना काढून टाकलं.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी जनरेटर इंजिनं त्यांनी सायकलला जोडून विकली. २४ सप्टेंबर १९४८ रोजी होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी ताकेओ फुजिसावा आले. पैसा आणि विक्री फुजिसावांकडे, यंत्रं होंडांकडे, अशी ही वाटणी शेवटपर्यंत टिकली.

हवेवर इतका विश्वास का?

कारण हवेने त्यांना भरभरून दिलं होतं. १९५८ ची ‘सुपर कब’ हवेवरच थंड व्हायची. २०१७ पर्यंत या मालिकेच्या १० कोटींहून जास्त गाड्या बनल्या. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतींत होंडाच्या मोटरसायकली जिंकल्या. १९६७ मध्ये आलेली छोटी एन ३६० कारही हवेवरच चालली आणि जपानमध्ये खपली.

होंडांचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. पाण्यावर थंड होणारं इंजिन उष्णता पाण्याला देतं, पाणी ती रेडिएटरमधून हवेलाच देतं. शेवटी सगळं हवेतच जाणार असेल तर मधला दलाल कशाला? रेडिएटर नको, पंप नको, गळणारे पाइप नकोत.

मग चूक कुठे होती?

आकारात. इंजिन मोठं होतं तसा आतल्या जाळाचा घेर त्याच्या पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढतो. ५० सीसीच्या सिलिंडरला बाहेरच्या फिन्स पुरतात. मोठ्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनला त्या पुरत नाहीत. त्यात एक लिटर पाणी एक अंश तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणजे तो मधला दलाल फुकटचा नव्हता.

हवेला जे जमत नाही ते काम ऑइलवर येऊन पडतं. पिस्टनखालची, बेअरिंगची, हेडची उष्णता ऑइल उचलतं. पण ऑइलचं मूळ काम भागांमध्ये पातळ थर राखायचं. ते फार तापलं की पातळ होतं, दाब उतरतो आणि धातू धातूवर घासायला लागतो. साधारण ८० ते ११० अंश सेल्सिअस हा ऑइलचा आरामाचा पट्टा. काटा बराच वेळ १२० च्या पुढे राहिला, तर गाडी बाजूला घेणं शहाणपणाचं.

१९६८ च्या शर्यतीत काय घडलं?

होंडा १९६४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९६५ ची मेक्सिको आणि १९६७ ची इटली ग्रां प्री तिने जिंकली. या दोन्ही कार पाण्यावर थंड होणाऱ्या होत्या. तरीही १९६८ साठी होंडांनी हवेवर थंड होणारी तीन लिटर, आठ सिलिंडरची कार बनवून घेतली. तिचं नाव आरए ३०२. तिचं इंजिन तापायचं आणि तापलं की जोर कमी व्हायचा.

संघाचे मुख्य चालक जॉन सर्टीस हे दुचाकी आणि चारचाकी या दोन्हींत जगज्जेते. त्यांनी चाचणीतच सांगितलं की ही कार शर्यतीसाठी तयार नाही. त्यांनी ती चालवायला नकार दिला. मग ७ जुलै १९६८ रोजी फ्रान्समधल्या रूआँच्या शर्यतीत ती ४० वर्षांच्या जो श्लेसर यांच्याकडे आली. पावसात तिसऱ्या फेरीत कार घसरून बांधावर आदळली. टाकी इंधनाने भरलेली होती, सांगाड्यात मॅग्नेशियम होतं. आग विझेना. श्लेसर यांचा मृत्यू झाला.

हा अपघात इंजिन तापल्यामुळे झाला, असं म्हणता येणार नाही. पण चालकाने नाकारलेली कार ट्रॅकवर उतरली होती, ही गोष्ट उरतेच. त्याच शर्यतीत सर्टीस पाण्यावर थंड होणाऱ्या होंडात बसून दुसरे आले. त्या हंगामानंतर कंपनी फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली.

होंडा १३०० : सगळं करून पाहिलं

हट्ट तरीही सुटला नाही. १९६९ मध्ये होंडा १३०० बाजारात आली आणि १९७० मध्ये तिचं स्पोर्टी कूपे रूप. १२९८ सीसी, चार सिलिंडर, हवेवर थंड. पाण्याच्या जागी ब्लॉकच्या दुहेरी भिंतींमधून फॅनने हवा ढकलली जायची. ऑइलसाठी वेगळी टाकी होती. ताकद भरपूर होती. पण फॅन, दुहेरी भिंत, टाकी हे सगळं जोडता जोडता इंजिन जड आणि महाग झालं. पुढचं टोक जड झाल्याने गाडी वळणावर बाहेर ओढायची. हवेवरच्या इंजिनचे दोन फायदे म्हणजे हलकेपणा आणि साधेपणा. नेमके तेच दोन्ही हातचे गेले.

जुनी एअर-कूल्ड कार तापतेय? मेकॅनिक कुठून सुरू करतो?

अशा गाड्या आजही जपल्या जातात. १९९८ पर्यंत बनलेली हवेवरची पोर्श ९११ हे त्यातलं मोठं नाव. चांगला मेकॅनिक लगेच इंजिन खोलत नाही. तो स्वस्तातल्या शक्यतेपासून सुरू करतो.

१. काटा खरं बोलतोय का? हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा हलला तर अर्थिंग खराब असू शकतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने ऑइल टाकी किंवा पाइप मोजून खात्री करायची. कोविडच्या काळात घरोघरी आलेली कपाळ मोजायची गन इथे चालत नाही, तिची मर्यादा शरीराच्या तापापुरती असते.

२. ऑइल किती आणि कोणतं? पातळी कमी असेल तर तेवढंच ऑइल जास्त फेऱ्या मारतं आणि लवकर तापतं. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच हवा.

३. हवा पोहोचतेय का? फॅनचा पट्टा ढिला, फिन्समध्ये माती आणि ऑइलचा थर, उंदराने आणलेला कचरा, निघालेला पत्रा किंवा फाटलेलं रबर सील हे सगळं पाहायचं. सील नसेल तर खालची गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

४. ऑइल कूलर काम करतोय का? जुन्या ९११ च्या अनेक मॉडेलमध्ये एक कूलर पुढच्या चाकाजवळ असतो. इंजिनचं ऑइल तापलंय आणि हा कूलर मात्र गार, असं दिसलं तर थर्मोस्टॅट अडकलेला किंवा पाइप चेपलेला असू शकतो.

५. जाळ बरोबर आहे का? इग्निशन टायमिंग मागे पडलं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी झालं की इंजिन जास्त तापतं.

६. गाडी कुठे चालतेय? मोकळ्या हायवेवर ठीक आणि सिग्नलवरच तापत असेल, तर संशय आधी हवेच्या वाटेवर. उलट सिग्नलवर ठीक आणि वेगात तापत असेल, तर कूलर, टायमिंग आणि मिश्रणावर.

आणि हे सगळं ठीक निघालं तर? तर सातवी शक्यता उरते. एकही भाग बिघडलेला नाही, मांडणीच त्या कामाला पुरत नाही. मेकॅनिकला हे मालकाला सांगणं कठीण जातं. होंडाच्या तरुण इंजिनिअरांना तर ते मालक आणि मुख्य इंजिनिअर या दोघांनाही सांगायचं होतं, आणि ते दोघे एकच होते.

हट्ट कसा सुटला?

होंडांचा राग प्रसिद्ध होता. चूक दिसली की हातातला पान्हाही उडायचा. १३०० वर काम करणारे तादाशी कुमे आणि इतर इंजिनिअर पाण्याच्या बाजूने होते. प्रश्न आता फक्त ऑइलचा नव्हता. गाड्यांच्या धुराविरुद्ध जगभर ओरड सुरू होती. १९७० च्या अमेरिकी कायद्याने १९७५ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्के कमी करायला सांगितलं. धूर स्वच्छ हवा तर जाळ एकसारखा हवा, आणि त्यासाठी सिलिंडरचं तापमान स्थिर हवं. हवेवर ते साधणं अवघड होतं.

१९६९ च्या सुमारास इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी होंडांना तांत्रिक वाद घातलाच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की कंपनीत तुम्हाला अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून? होंडांनी थोडा विचार करून अध्यक्षपद निवडलं. मग इंजिनिअरांना पाण्यावर काम करू द्या, असं फुजिसावा म्हणाले. होंडांनी ते मान्य केलं.

निकाल लवकर दिसला. १९७२ मध्ये पाण्यावर थंड होणारी सिव्हिक आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनने अमेरिकेची ती कडक परीक्षा पास केली. बड्या अमेरिकी कंपन्या हे शक्यच नाही म्हणत होत्या. होंडा १३०० चं उत्पादन १९७२ मध्येच थांबलं. तिच्या जागी आलेल्या होंडा १४५ मध्ये पाणी होतं.

त्यानंतर काय?

सीव्हीसीसी म्हणजे मोठ्या कंपन्यांना मागे टाकायची संधी, असं होंडांना वाटत होतं. तरुण इंजिनिअरांचं म्हणणं वेगळं होतं. आपण हे कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. आपला काळ सरला, हे होंडांनी त्यातून ओळखलं. १९७३ मध्ये ते आणि फुजिसावा एकत्रच निवृत्त झाले. ४५ वर्षांचे कियोशी कावाशिमा अध्यक्ष झाले. आणि १९८३ मध्ये त्या खुर्चीत बसले तादाशी कुमे, पाण्यासाठी वाद घालणारे.

निवृत्तीनंतर होंडा जपानभर कंपनीच्या कारखान्यांत आणि दुकानांत फिरले, कामगारांशी हात मिळवत. ५ ऑगस्ट १९९१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आपल्यासाठी कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, रस्त्यावर ट्रॅफिक होईल, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

मग हवा चूक आणि पाणी बरोबर?

तसं नाही. १९८४ मध्ये पुण्याच्या कायनेटिकसोबत होंडाचं नाव भारतीय स्कूटरवर आलं. कायनेटिक होंडाचं १०० सीसीच्या आसपासचं इंजिन हवेवरच थंड व्हायचं. आजच्या अनेक स्कूटरमध्येही झाकणाआड छोटा फॅन असतो, म्हणून त्या सिग्नलवर उभ्या राहूनही तग धरतात. फॅन नसलेल्या, जास्त ताकदीच्या काही बाइकना कंपन्या ऑइल कूलर देतात. छोट्या इंजिनबाबत होंडा बरोबरच होते. जे ५० सीसीला लागू पडलं ते तीन लिटरला पडलं नाही, एवढंच.

त्यामुळे घाटात किंवा नाक्यावर गाडी नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर आधी ऑइलची पातळी पाहा, फिन्सवरचा चिखल धुवा, फॅनची जाळी साफ करा. तरीही तापत असेल तर मेकॅनिकचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. तो तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगत असला, तरीही.